‘शॉक बसला’ आणि ‘शॉकमध्ये गेला’

प्रश्न असा आहे : डेंग्यूच्या एका बातमीत ‘धक्का बसून रुग्णाचा मृत्यू’ असं छापून आलं होतं. डॉक्टर ज्याला शॉक म्हणतात तो हाच धक्का का?

नाही. बातमीदाराने नामाचं मराठी केलं, पण क्रियापदाकडे पाहिलं नाही. शॉक ‘बसतो’ तो विजेचा, नाहीतर वाईट बातमीचा. आयसीयूबाहेर डॉक्टर सांगतात ते ‘पेशंट शॉकमध्ये गेलाय’. ही एक अवस्था आहे : रक्ताभिसरण इतकं मंदावतं की पेशींना पुरेसा प्राणवायू मिळत नाही. मनाला काही लागलेलं नसतं. सुरुवातीला रुग्ण नीट बोलतही असतो, म्हणून घरचे फसतात.

डेंग्यूत तर हमखास. ताप उतरला की सगळे निर्धास्त होतात, आणि नेमकं त्याच सुमारास केशवाहिन्यांतून रक्तद्रव बाहेर झिरपू लागतो. बीपीचा वरचा आकडा १०० दिसतो, पण खालचा ८५ वर आलेला असतो. हा फरक २० किंवा त्याहून कमी झाला की डॉक्टर सावध होतात. हातपाय गार पडतात, नाडी जलद आणि बारीक लागते. बोटाचं नख दाबून सोडलं तर गुलाबी रंग परतायला दोन सेकंदांहून जास्त वेळ लागतो. लघवी कमी होते. उपचार सलाइनचा, पण मोजून आणि पुन्हापुन्हा तपासून, कारण जास्त झालं तर पाणी फुप्फुसांभोवती आणि फुप्फुसांत साठतं.

सगळ्याच शॉकवर सलाइन हा उतारा नाही. रक्तस्राव असेल तर तो थांबवून रक्त द्यावं लागतं. औषधाची किंवा गांधीलमाशीच्या दंशाची तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर आधी मांडीच्या स्नायूत अ‍ॅड्रिनलिन. हृदयच कमजोर पडलं असेल तर भरमसाट सलाइनने घात होतो.

‘आघात’ हा पर्याय काही जण सुचवतात. मला तो पटत नाही, कारण पक्षाघात आणि हृदयाघात या शब्दांनी ती जागा आधीच घेतली आहे. ‘शॉक’ राहू द्यावा. त्या बातमीत ‘डेंग्यूमुळे शॉकमध्ये जाऊन’ हवं होतं, आणि जागा असती तर ‘रक्ताभिसरण कोलमडून’ असंही जोडता आलं असतं.