चित्रकला की इंजिनिअरिंग? कोल्हापुरातून बघितलं तर

भावा, तुझा प्रश्न थोडक्यात असा: बारावी सायन्सला आहेस, चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ए ग्रेड आहे, घरचे इंजिनिअरिंगला जा म्हणतात, तुला चित्रकला सोडवत नाही, तर दोन्ही एकत्र शिकवणारा कोर्स कुठला? आधी ते कोर्सचं डोक्यातून काढ. आपलं चित्र ज्या वस्तूत उतरणार ती वस्तू बनते कशी, हे ज्या आर्टिस्टला कळतं त्याला काम आहे, आणि हे कारखान्यात उभं राहूनच कळतं.

आपल्या गावाला हे नवीन नाही. खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभावरून तू कितीदा गेला असशील. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवणारे. कॅमेरा स्वतः तयार केला आणि १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट काढला. त्यांच्या हाताखाली तयार झालेले दामले आणि फत्तेलाल १९२९ मध्ये 'प्रभात' फिल्म कंपनीच्या संस्थापकांत होते. बोलपट आल्यावर दामल्यांनी ध्वनिमुद्रण सांभाळलं, फत्तेलालांनी कलादिग्दर्शन. त्यात मूकपटांच्या काळात वापरात असलेल्या फिल्मला लाल रंग जवळपास दिसतच नसे. लाल शालू पडद्यावर काळा यायचा, निळं आभाळ पांढरंफटक. म्हणजे रंग फिल्मवर कसा उमटेल याचा हिशेब मनात करूनच सेट रंगवायचा. केमिस्ट्रीचा पेपर न देता ही माणसं केमिस्ट्री वापरत होती.

आता माझ्या धंद्यातलं सांगतो. मी शिरोलीतल्या फौंड्र्यांसाठी, म्हणजे धातू ओतणाऱ्या कारखान्यांसाठी, पॅटर्नची थ्रीडी मॉडेल्स करतो (पॅटर्न म्हणजे वाळूत दाबून साचा करायचा नमुना), मधूनच मूर्तीची, मेडलची कामं येतात. चांगला हात असलेला आर्टिस्ट गणपतीचं उठावाचं डिझाइन आणून देतो. सोंडेखाली खोल खाच, कागदावर एकदम झकास. पण वाळूच्या साच्यातून पॅटर्न वर उचलला की त्या खाचेतली वाळू तुटून बरोबर येते, साचा गेला. म्हणून उभ्या बाजूंना एक-दोन अंशांचा उतार द्यावा लागतो, त्याला ड्राफ्ट म्हणतात. खाच हवीच असेल तर साच्यात वेगळा कोअर (वाळूचा सुटा तुकडा) घाला, नाहीतर मेणाचा नमुना वितळवून काढायच्या पद्धतीने ओता. दोन्हीत खर्च वाढतो. शिवाय धातू गार होताना आकसतो, बीड साधारण १ टक्का, ब्राँझ दीडच्या आसपास. तेवढा पॅटर्न आधीच मोठा करायचा.

हे सगळं करून गणपतीच्या चेहऱ्यावरचा भाव जागेवर राहिला पाहिजे, खरी मेहनत तिथे आहे. ड्राफ्ट दिला की गाल सुजल्यासारखे दिसतात. मग उजेड कुठून पडणार ते बघून डोळ्याखालची रेघ पुन्हा कोरायची, ओठाची कड थोडी धारदार करायची. नुसता इंजिनिअर ड्राफ्टची कमांड मारून मोकळा होतो. नुसता आर्टिस्ट 'माझ्या डिझाइनला हात लावू नका' म्हणतो. दोघांचं ऐकून घेणारा माणूस पटकन मिळत नाही, त्यावर माझं बरं चाललंय.

हुपरीच्या चांदीकामातही हे कामी येईल. कॉम्प्युटरवरच्या डिझाइनवरून दागिना ओतायचा तर रेझिनमध्ये प्रिंट काढायची, भोवती प्लास्टरचा साचा, भट्टीत रेझिन जाळून पोकळी करायची आणि तिच्यात चांदी. चांदी ९६२ अंशांना वितळते. नक्षी फार बारीक काढलीस तर धातू तिथवर पोचायच्या आत थिजतो.

अक्षरांचा नाद असेल तर आर. के. जोशींचं काम बघ. सुलेखनकार माणूस, विंडोजमधला 'मंगल' फॉन्ट त्यांचा. आणि मूर्ती-चित्रांचं संवर्धन हा तर केमिस्ट्रीवाल्यांचाच प्रांत. २०१५ मध्ये अंबाबाईच्या मूर्तीवर पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांनीच काम केलं होतं.

परीक्षांचं पटकन सांगतो. बी.डेस. म्हणजे डिझाइनची पदवी, तिच्यासाठी यूसीड ही प्रवेश परीक्षा, आयआयटी मुंबई घेते, त्यात कॉम्प्युटरवरचा भाग आणि चित्र काढायचा भाग असे दोन. एनआयडी या डिझाइन संस्थेची प्रवेश परीक्षा डॅट वेगळी. बी.ई. केलंस तरी पुढे सीड ही परीक्षा देऊन एम.डेस.ला (डिझाइनच्या पदव्युत्तर कोर्सला) जाता येतं, हे घरी नीट समजावून सांग, निम्मी भांडणं मिटतील. गावातच राहायचं असेल तर कलानिकेतन आणि दळवीज ही चित्रकलेची कॉलेजं आहेत. 'शंभर टक्के प्लेसमेंट'वाल्या महागड्या ॲनिमेशन क्लासला पैसे भरण्याआधी तिथल्या पोरांनी स्वतः केलेलं काम दाखवा म्हणावं. दाखवायला टाळाटाळ केली तर तिथूनच परत फिर.

बारावीची परीक्षा संपली की ब्लेंडर हे थ्रीडी मॉडेलचं सॉफ्टवेअर टाकून घे, फुकट आहे. घरातली एखादी समई बघून बनव, मापं व्हर्नियरने घेऊन. मग ते मॉडेल घेऊन उद्यमनगरात एखाद्या पॅटर्नवाल्याकडे जा आणि 'हे ओतता येईल का' एवढंच विचार. तो नाही म्हणेल. का नाही, ते वहीत लिहून घे, मॉडेल दुरुस्त कर आणि पुन्हा जा. दुरुस्त केलेलं इथे टाकलंस तर मीही बघेन.