हन्ना: अर्थ सोपा आहे, शेवटचा 'एच' नाही

मुलीचं नाव हन्ना ठेवायचं म्हणताय, आणि लिहिलंय, "आधी अर्थ पक्का करतो, स्पेलिंग नंतर बघू." तुमचं हे वाक्य वाचलं आणि पोटात गोळाच आला. दहा वर्षांपूर्वी माझ्या लेकीचं नाव हन्ना ठेवताना मीही हेच म्हणाले होते.

अर्थाचं पटकन सांगते. 'फूल' विसरा, ते जपानी 'हाना'. 'आनंद' अरबी 'हना'चा. नावांच्या याद्यांमध्ये सगळं एकाच टोपलीत असतं. हिब्रू हन्ना म्हणजे कृपा. 'देवाची कृपा' हे जरा ताणलेलं वाटतं मला, कारण नावात देव नाहीच. तो आहे योहानानमध्ये, ज्याचा पुढे जॉन झाला. धातू मात्र दोघांचा एकच. बायबलमधली हन्ना म्हणजे शमुवेल या संदेष्ट्याची आई.

आता स्पेलिंग. हिब्रूत अक्षरं तीनच: हेत, नून, हे. शेवटचा 'हे' बोलताना ऐकू येत नाही, पण इंग्रजीतला (Hannah) शेवटचा 'एच' त्याचाच. पोलिश, फिनिश लोक तो लिहीत नाहीत. ग्रीकमध्ये तर सुरुवातीचा 'ह'सुद्धा गळाला आणि अ‍ॅना झाली. म्हणजे चूक कुठलंच नाही, आणि घोळ इथेच होतो.

लेकीच्या जन्मनोंदणीचा फॉर्म नवऱ्याने 'एच' न घालता भरला. मी तिच्या शाळेपासून सगळीकडे 'एच' घालून. पासपोर्टच्या वेळी उत्तर मिळालं, "कागदांवर दोन वेगळ्या मुली दिसतात." नोंदणीवाले म्हणाले, फॉर्मवर होतं तेच आम्ही चढवलं, आमची चूक नाही, म्हणून दुरुस्ती नाही. चार खेपा झाल्या! तिसऱ्या खेपेला खिडकीतल्या माणसाने शाळेच्या दाखल्यावरचा शेवटचा 'एच' अंगठ्याने झाकला आणि म्हणाला, "हा काढा की, बिघडतं काय?" शेवटी काढलाच.

तुमच्याकडचे नियम वेगळे असतील, मी काही वकील नाही. पण छापण्याआधी एकेक अक्षर मोठ्याने वाचून घ्या, दोघांनीही.

नाव फार कॉमन होईल का, म्हणताय. अमेरिकेत १९९८ ते २००० ते मुलींच्या नावांत दुसऱ्या क्रमांकावर होतं. माझ्या मते त्यावरून नाव सोडू नये.

माझ्या लेकीला दु:ख वेगळंच. इंग्रजीत तिचं नाव उलटसुलट सारखंच वाचलं जायचं, हा शोध तिने स्वतः लावला होता. आता उलटं वाचलं की अन्नाह होतं. वहीच्या कव्हरवर ती अजून 'एच' लिहिते, आणि मी बघून न बघितल्यासारखं करते.