केव्हलार हा मजबूत कृत्रिम धागा वितळत नाही ना, मग ३०० अंशांच्या ओव्हनपाशी त्याचे हातमोजे कायम चालतील का?

क्षणभर गरम वस्तू उचलायला चालतील, कायम नाही. वितळत नाही म्हणजे उष्णता बाधत नाही, असं नव्हे. हवेत साधारण ४२७ ते ४८२ अंश सेल्सिअसला हा धागा विघटित होतो, पण ताकद त्याच्या कितीतरी आधी उतरते. १६० अंशांवर ५०० तासांत सुमारे १० टक्के, २६० वर ७० तासांतच निम्मी! सलग वापर १५०-१७५ च्या आतच ठेवा.

मी नाशिकला अंबडमध्ये विजेच्या मोटारी रिवाइंड करतो, म्हणजे त्यांची तार नव्याने गुंडाळतो. वॉर्निश सुकवून स्टेटर (मोटारीचा न फिरणारा भाग) ओव्हनमधून बाहेर काढताना वापरायचे पिवळे मोजे अंगठ्यापाशी आधी तपकिरी, मग कडक होतात. चिमटीत चोळलं की भुसा पडतो. असा मोजा कितीही जाड दिसला तरी टाकूनच द्या, हात तुमचा आहे.

नोमेक्स हा दुसरा धागाही केव्हलारसारखा अ‍ॅरामिडच, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या कृत्रिम धाग्यांच्या कुळातला, पण मेटा जातीचा (रेणूंची जोडणी वेगळी). ताणाला कमी, सततच्या उष्णतेला सरस. म्हणून स्टेटरच्या तारेच्या खाचांत (स्लॉटमध्ये) आम्ही त्याचाच कागद घालतो. त्याचा इन्सुलेशन वर्ग, म्हणजे सतत सोसायची तापमानमर्यादा, २२० अंशांची.

आणि हो, केव्हलारचे मोजे धुऊन उन्हात वाळत घालू नका. अतिनील किरणांनीही धागा कमजोर होतो.