‘पीअर रिव्ह्यू’ म्हणजे समवयस्क पुनरावलोकन?

प्रश्न असा आहे: नर्सिंगच्या एका जर्नलच्या लेखकांसाठीच्या सूचना मराठीत आणताना ‘पीअर रिव्ह्यू’ला, म्हणजे लेख छापण्याआधी त्याच क्षेत्रातल्या लोकांकडून होणाऱ्या तपासणीला, ‘समवयस्क पुनरावलोकन’ म्हटलेले चालेल का?

माझ्या मते चालू नये. वयाचा इथे काही संबंध नाही. शिवाय पुनरावलोकन म्हणजे झाल्या गोष्टीकडे पुन्हा पाहणे. इथे लेख अजून छापलेलाही नसतो.

समजा, बेडसोअर (एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) होऊ नयेत म्हणून रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलण्यावर एका परिचारिकेने अभ्यास करून लेख पाठवला. आधी संपादक पाहतात, की विषय जर्नलमध्ये बसतो का आणि एथिक्स कमिटीची परवानगी आहे का. बरेच लेख इथूनच परत जातात. उरलेले बहुधा दोन-तीन परीक्षकांकडे जातात. नर्सिंगच्या अनेक जर्नलांत लेखक आणि परीक्षक एकमेकांना अनामिक राहतात. त्यासाठी लेखातून रुग्णालयाचे नावही काढायला लावतात. परीक्षक सहसा विनामोबदला अहवाल देतात. स्वीकारायचा, दुरुस्तीला पाठवायचा की नाकारायचा, हे संपादकच ठरवतात.

हे पाहिले की ‘समीक्षा’ही दूर पडते, ती बहुधा प्रकाशित कृतीची, नावानिशी केलेली असते. ‘परीक्षण’ जवळचे. प्रबंधाचे परीक्षक आपल्याला ठाऊक आहेतच.

खरी अडचण ‘पीअर’ची. ‘समकक्ष’ रूढ आहे, पण त्यात हुद्द्याचा वास येतो आणि प्राध्यापकाचा लेख हुद्द्याने लहान असलेली व्यक्तीही तपासू शकते. ‘तज्ज्ञ’ म्हणावे, तर कशातला? नर्सिंगमध्ये हा प्रश्न कळीचा आहे. आकडेमोड संख्याशास्त्रज्ञ तपासेल. पण रात्रपाळीला वॉर्डात एकच सिस्टर असताना कूस बदलली कोणी, नातेवाइकांनी की मावशींनी, आणि नोंद त्याच वेळी झाली की पाळी संपताना एकदम, हे वॉर्डात उभ्या राहिलेल्या माणसालाच सुचते. परिचर्येच्या ज्ञानाचे मोजमाप परिचर्येतल्या लोकांनी करावे, हा हक्क या व्यवसायाला सहज मिळालेला नाही. संशोधनालाच वाहिलेले ‘नर्सिंग रिसर्च’ अमेरिकेत निघाले ते १९५२ मध्ये. व्यवसायाचे ‘अमेरिकन जर्नल ऑफ नर्सिंग’ तर १९०० पासून निघत होते, म्हणजे मध्ये अर्धशतक गेले.

म्हणून मी ‘सहव्यवसायी परीक्षण’ सुचवेन. संख्याशास्त्रज्ञाकडून वेगळी तपासणी होत असेल, तर तिला ‘संख्याशास्त्रीय परीक्षण’ म्हणावे. बोलताना लोक ‘पेपर रिव्ह्यूला गेलाय’ असेच म्हणणार. त्याला माझी हरकत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. नर्सिंगमध्ये ‘पीअर रिव्ह्यू’चा आणखी एक अर्थ आहे: परिचारिकेच्या प्रत्यक्ष कामाचे तिच्याच बरोबरीच्या परिचारिकांनी केलेले मूल्यमापन. अमेरिकन नर्सेस असोसिएशनने त्यासाठी १९८८ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली होती. त्यामुळे तुमच्या सूचनांत पहिल्या उल्लेखाला ‘हस्तलिखिताचे सहव्यवसायी परीक्षण’ असे पूर्ण लिहा.