रजिस्ट्री क्लीनर घ्यावा का?

प्रश्न: जिंतूरजवळ आमचं सेवा केंद्र आहे, पीक विमा, सातबारा, केवायसी असली कामं चालतात. कॉम्प्युटर विंडोज १० चा, जुना. सकाळी चालू केला की लई वेळ नुसता फिरत बसतो. एक फुकटचा क्लीनर टाकला तर त्यानं रजिस्ट्रीत १२०० एरर दाखवल्या अन् नीट करायला पैसे मागतोय. भरू का? स्पीड वाढंल का?

उत्तर: नका भरू दादा, अन् तो क्लीनर पण आजच काढून टाका. रजिस्ट्रीत विंडोजच्या अन् बहुतेक सॉफ्टवेअरच्या सेटिंग असतात. एखादं सॉफ्टवेअर काढलं तरी त्याच्या काही नोंदी मागं राहतात, हे खरंय, पण त्या नुसत्या पडून असतात, विंडोज काही पूर्ण रजिस्ट्री वरून खाली वाचत बसत नाही, जी नोंद पाहिजे तिच्यापाशी थेट जातं, त्यामुळं १२०० काढल्या तरी तुम्हाला काडीचा फरक कळायचा नाही. त्यांना एरर म्हणून लोकांना घाबरवायचं अन् पैसे काढायचे, याचा खरंच राग येतो.

तुमच्याकडं तर धोका जास्तच. अंगठा घेणारं मशीन, त्याची आरडी सर्व्हिस (आधारसाठी ते मशीन चालवणारं सॉफ्टवेअर), डिजिटल सहीचं टोकन, प्रिंटर, सगळ्यांच्या नोंदी तिथंच. क्लीनर अंदाजानं ठरवतो कोणती बिनकामाची, अन् चुकीची उडाली की मशीन ओळखणार नाही, तेही विम्याच्या शेवटच्या तारखेला बाहेर रांग असताना. मायक्रोसॉफ्टनं स्वतः १९९० च्या दशकात रेगक्लीन नावाचं टूल दिलं होतं, नंतर बंद केलं, आता ते असल्या क्लीनरला सपोर्टच देत नाहीत. २०१७ मधे तर हॅकरांनी सीक्लीनर या नावाजलेल्या क्लीनरच्या ५.३३ व्हर्जनमधेच व्हायरस घुसवला होता.

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, स्टार्टअपमधे जे रोज लागत नाही ते डिसेबल करा (आरडी सर्व्हिसला हात लावू नका). सकाळी डिस्क बराच वेळ १००% दिसत असंल अन् आत जुनी हार्डडिस्क असंल तर एसएसडी (जास्त वेगवान डिस्क) बसवा, जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल म्हणजे क्लोन करून घेतली की सॉफ्टवेअर परत टाकायची गरज नाही. पैसे तिथं घाला. आणखी एक, विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षेचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झालेत, तुमच्याकडं लोकांचे आधार असतात, म्हणून कॉम्प्युटरवर विंडोज ११ चालतंय का तेही बघून घ्या.

रजिस्ट्रीत हात घालायची वेळ एकच, अंगठ्याच्या मशीनसारख्या एखाद्या मशीनचा जुना ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) अर्धवट निघाला अन् नवा बसंना झाला तर. तेव्हा मशीनवाली कंपनी सांगंल तेवढीच नोंद काढायची, आधी ती एक्सपोर्ट करून पेनड्राइव्हवर ठेवायची.