फोन आधी परत दे त्याला

"मावशी, माझा मुलगा सातवीत आहे. गॅदरिंगमध्ये नाचताना तो पडला, कुणीतरी त्याचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपचा स्टिकर बनवला, वर 'हत्ती' लिहिलं. तीन महिने वर्गाच्या ग्रुपवर फिरतोय. त्याने काहीच सांगितलं नाही, धाकटीने सांगितलं. रोज सकाळी पोट दुखतंय म्हणतो. मी फोन काढून घेतला. हे मुलाला म्हणतात, 'तूपण दोन ठेवून दे त्याला.' सासूबाई म्हणतात, आमच्यावेळी पण चिडवायचेच. आणि स्टिकर बनवणाऱ्याची आई आमच्याच बिल्डिंगमधली, भिशीत असते माझ्याबरोबर."

अगं, आधी फोन परत दे. तीन महिने तो गप्प का बसला असेल? याचसाठी, की सांगितलं तर आई फोन काढून घेईल, आणि तू नेमकं तेच केलंस. राग नको मानूस, माझ्या घरात पण हेच झालं असतं बहुतेक. पण त्याच्या बाजूने बघ ना, चिडवलं त्याला आणि शिक्षा पण त्यालाच.

सासूबाईंचं अर्धं खरं आहे. चिडवायचे, पण शाळा सुटली की सुटायचं, आता ते रात्री अकराला उशीपाशी टिंग करून येतं. आणि नवऱ्याला सांग, पोराने एक ठेवून दिली की उद्या त्याचाच व्हिडिओ निघेल आणि शाळेत आरोपी आपलाच पोरगा.

धाकटीला आधी जवळ घे. तिला वाटत असेल आपण चुगली केली म्हणून घरात एवढं रामायण झालं.

मग मुलाजवळ बसून, त्याला विचारून, ग्रुपमधून बाहेर पडायच्या आधी स्क्रीनशॉट काढा, नंबर आणि तारीख दिसली पाहिजे, आणि चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. डिलीट काही करायचं नाही. आणि तो स्टिकर पालकांच्या ग्रुपवर "बघा काय चाललंय" म्हणून टाकू नकोस हां, फिरवणाऱ्यांत तूच एक होशील.

शाळेत तोंडी बोलून भागत नाही. मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज दे आणि कॉपीवर पोच घे. आपल्याकडे शाळांमध्ये सखी सावित्री समिती असायला हवी, 2022 पासून शासनाचाच निर्णय आहे, नाव ऐकून मुलींपुरतीच वाटते पण विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठीच आहे, तेव्हा अर्जात तिचा उल्लेख कर. बरेचदा एवढ्यानेच हालचाल होते. तीपण पोरंच आहेत, सातवीतली, त्यामुळे मी लगेच पोलिसात जा म्हणणार नाही. पण फोटोशी अश्लील छेडछाड झाली किंवा कुणी धमकी दिली तर मात्र शाळेची वाट बघत बसू नकोस, सरळ पोलीस स्टेशन किंवा सायबर क्राइमचं सरकारी पोर्टल. 1098 ही मुलांची हेल्पलाइन आहे, ती चोवीस तास चालू असते.

पोटदुखीला नाटक म्हणू नका, खरंच दुखतं. डॉक्टरांना दाखव आणि हे सगळं त्यांना सांग. झोप, जेवण उडालं असेल किंवा "मी नसलेलाच बरा" असलं काही तो बोलला तर त्याला एकटं सोडू नकोस, त्याच दिवशी डॉक्टर गाठ. 14416 वर टेली मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, आणि तू स्वतःसाठी केलास तरी चालतो, कारण पत्रावरून तुझी पण झोप उडालेली दिसतेय.

राहिली ती भिशीवाली. तिच्या दारात आत्ता जाऊ नकोस, तू रागात आहेस आणि ती पोराची बाजू घेणारच. शाळेत बोलावतील तेव्हा समोरासमोर बोला. तोवर या महिन्याच्या भिशीचे पैसे दुसऱ्या कुणाकडे तरी पाठवून दे.