पक्षाघातानंतर आईला ठेवायला मुंबईतलं केअर सेंटर निवडताना काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की आईंना पक्षाघात झालाय, उजवी बाजू आणि वाचा गेलीय, आठवड्याभरात डिस्चार्ज आहे. घरात दोघंही नोकरीला, दादरच्या वन रूम किचनमध्ये हॉस्पिटलचा पलंग मावत नाही. तीन ठिकाणं बघून आलात, तिन्हीकडे लादी चकाचक आणि माणसं गोड बोलणारी. मग काळजी खरी कुठे घेतात हे ओळखायचं कसं?

२०२१ मध्ये माझ्यावर हीच वेळ आली होती. बाबांचीही उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. एक शब्द तेवढा उरला, 'हो'. डॉक्टरांनी समजावलं होतं की मेंदूची डावी बाजू दुखावली की असं होतं, माणसाला समजत असतं पण शब्द सापडत नाहीत, आणि कधी कधी एखादाच शब्द सगळ्याला बाहेर पडतो. पहिल्या केअर सेंटरमध्ये आम्ही भेटायला गेलो की तिथल्या मॅडम बाबांच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्याने विचारायच्या, "बाबा, बरं आहे ना? जेवलात ना पोटभर?" बाबा म्हणायचे, "हो." मॅडम आमच्याकडे बघून हसायच्या. आम्हीही समाधानाने घरी यायचो. चार महिने असेच गेले. एका शनिवारी मी बाबांचे मोजे काढले, तर डाव्या टाचेवर रुपयाएवढा काळा डाग होता आणि कडेने कातडी सुटली होती. बाबांना पाठीवरून वळवलं तर माकडहाडापाशी दुसरी जखम. विचारलं तर उत्तर आलं, "वय झालं की होतंच ताई."

होतंच असं नाही. झोपून असलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून दिली, कातडी कोरडी ठेवली आणि टाचा उशीच्या आधाराने अधांतरी ठेवल्या, तर बऱ्याचशा जखमा टळतात. एअर बेड उपयोगी आहे, पण एअर बेड आहे म्हणून कूस बदलायची नाही असं चालत नाही. त्या दिवशी मी कूस बदलल्याच्या नोंदींचा कागद मागितला. दुपारचे चार वाजले होते आणि त्या कागदावर संध्याकाळी सहा आणि रात्री आठच्या रकान्यातही बरोबरची खूण होती. सगळ्या खुणा एकाच पेनाने, एकाच हाताच्या. बाबांना तिथून हलवायचं मी त्या कागदावरून ठरवलं.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे की कोणतंही ठिकाण बघायला गेलात तर तिथल्या ज्या माणसाला बोलता येत नाही, हलता येत नाही, त्याला कसं ठेवलंय ते बघा. हॉलमध्ये टीव्हीसमोर बसलेले, तुमच्याशी गप्पा मारणारे आजोबा आपलं पाणी स्वतः मागून घेतात. तुमच्या आईंना ते जमणार नाही. तेव्हा कोपऱ्यातल्या खाटेकडे जा. त्या माणसाची लाज राखून, अंगावरचं पांघरूण न काढताही खूप काही दिसतं. नखं कापली आहेत का, ओठ सुकलेत का, डोळ्यांच्या कडा पुसल्या आहेत का. पाण्याचा पेला आणि घंटा कुठे आहे? उजवी बाजू गेलेल्या माणसाची घंटा उजवीकडे टांगली असेल, तर ती भिंतीला टांगल्यासारखीच. लघवीची नळी असेल तर पिशवी मूत्राशयाच्या खाली लटकलेली हवी, पण जमिनीवर टेकलेली नको. हात खाटेला बांधलेत का? असतील तर का, कुणाच्या सांगण्यावरून आणि किती वेळ, हे सरळ विचारा. नोंद दाखवता येत नसेल तर तिथून उठा. दुपारी बारा वाजता सगळेच्या सगळे गाढ झोपलेले असतील तर झोपेच्या गोळ्यांबद्दलही विचारा.

वासाचं सगळेच सांगतात. मी एवढंच म्हणेन की एखाद्या खाटेपाशी वास येतोय तर आत्ताच काहीतरी झालं असेल. सगळ्या मजल्यावर जुना, मुरलेला वास येतोय, किंवा तो झाकायला फिनेल आणि रूम फ्रेशनरचा मारा आहे, तर डायपर वेळेवर बदलत नाहीत.

दुसरं, जेवणाच्या वेळी जा. तुमच्या आईंच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे, कारण पक्षाघातानंतर बऱ्याच जणांना गिळायला त्रास होतो, अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो, आणि असे पेशंट बऱ्याचदा त्यानेच दगावतात. दुसऱ्या केंद्रात आम्ही बाबांना ठेवायचं ठरवलं, ते तिथल्या एका मावशी पेशंटला कसं भरवतात हे बघून. त्या एका आजींना मऊ भात-वरण भरवत होत्या. आजींना पाठीमागे उश्या लावून ताठ बसवलं होतं. मावशी त्यांच्या समोर, त्यांच्याच उंचीवर स्टुलावर बसल्या होत्या. अर्धा चमचा तोंडाच्या चांगल्या बाजूला ठेवायचा आणि थांबायचं. नजर आजींच्या गळ्याकडे. गळा हलला, घोट उतरला, की मग पुढचा चमचा. मध्ये कुणीतरी हाक मारली तर मावशी म्हणाल्या, "थांबा, तोंडात घास आहे." शेवटी बोटाला गॉज गुंडाळून त्यांनी लुळ्या बाजूच्या गालातून उरलेला भात काढला, कारण त्या बाजूला काही अडकलंय हे पेशंटला कळतच नाही. जेवणानंतर आजींना लगेच आडवं केलं नाही, अर्धा तास तसंच बसवून ठेवलं. नुसतं भरवायलाच चाळीस मिनिटं लागली. जिथे एक मावशी दहा जणांना भरवते तिथे हे होऊच शकत नाही, तिची कितीही इच्छा असली तरी. नाकातून राइल्स ट्यूब, म्हणजे पोटात अन्न सोडायची नळी, असेल तर फीड देताना आणि नंतरही डोक्याकडची बाजू वर उचललेली असते का ते बघा.

तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून आवर्जून सांगते. पेशंटला खाटेवरून खुर्चीत कसं घेतात ते बघा. लुळ्या हाताला धरून किंवा काखेत हात घालून ओढत असतील तर खांदा सांध्यातून सरकू शकतो आणि मग तो कित्येक महिने दुखत राहतो. शिकलेला माणूस कमरेपाशी धरतो, पट्टा वापरतो. तसंच फिजिओथेरपीचं. पक्षाघातानंतर जे काही परत यायचं असतं त्यातलं बरंचसं पहिल्या तीन ते सहा महिन्यांत येतं. तुमच्या आईंचे हेच महिने आता सुरू होतायत. आठवड्यातून एकदा येणारा फिजिओ पुरेसा नाही. रोज येतो का, आणि तो गेल्यावर व्यायाम कोण करून घेतं, हे विचारा. बोलण्यासाठी स्पीच थेरपिस्ट बाहेरून बोलवायला परवानगी आहे का तेही.

आता माणसांबद्दल. दिवसाचं मनुष्यबळ विचारू नका, रात्रीचं विचारा. रात्री दोन वाजता या मजल्यावर किती जण जागे असतात आणि त्यातली शिकलेली नर्स कोण? सगळ्याच ठिकाणी युनिफॉर्म घातलेल्या प्रत्येक मुलीला 'सिस्टर' म्हणतात. तुम्ही विचारा की एएनएम किंवा जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स झालेली आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असलेली कोण आहे. इन्सुलिन, नळी, ड्रेसिंग ही कामं तिचीच. बाकीच्या मावशी आणि मामांना मी कमी लेखत नाही, बाबांना जगवलं ते त्यांनीच. म्हणूनच त्यांना एकटं गाठून दोन शब्द बोला. इथे किती वर्षं आहात, सुट्टी मिळते का, पगार वेळेवर होतो का. माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोकडून दर पंधरा दिवसांनी नवा माणूस येत असेल तर तुमच्या आईंचा कुठला इशारा कशासाठी असतो हे कुणाला कधीच कळणार नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. मुंबईत आपण नर्सिंग होम म्हणतो ते म्हणजे छोटं खासगी हॉस्पिटल. त्यांना १९४९ च्या कायद्याखाली महापालिकेची नोंदणी लागते आणि ते प्रमाणपत्र दर्शनी लावावं लागतं. २०२१ च्या नियमांप्रमाणे रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रकही. केअर सेंटर किंवा वृद्धाश्रम म्हणून चालणारी कितीतरी ठिकाणं मात्र बंगल्यात किंवा जोडलेल्या फ्लॅटमध्ये असतात आणि हॉस्पिटलसारखी तपासणी त्यांच्या वाट्याला येत नाही. जिथे नळी, सलाइन, ऑक्सिजन असं सगळं करतो म्हणतात तिथे नोंदणी मागाच. डॉक्टर कोण, कधी येतात, रात्री ताप चढला तर कुठल्या हॉस्पिटलला नेता आणि ॲम्ब्युलन्सच्या आधी फोन कुणाला करता, हे लिहून घ्या. इमारतीत लिफ्ट असेल तर तिच्यात स्ट्रेचर मावतो का तेवढं डोळ्यांनी बघा. तक्रारीची वेळ आली तर ज्येष्ठांसाठी एल्डर लाइन आहे, १४५६७.

पैशाचं म्हणाल तर बोर्डावरचा आकडा आणि बिलातला आकडा वेगळा असतो. डायपर, औषधं, फिजिओ, ड्रेसिंग, हॉस्पिटलला सोबत जायचा माणूस, हे सगळं वर धरून महिन्याचा हिशोब मागा. डिपॉझिट परत कधी मिळतं तेही.

एक आग्रहाने सांगते, जवळचं ठिकाण घ्या. आम्हालाही कुणीतरी कर्जतकडे झाडीतला बंगला सुचवला होता. पण खाटेवरच्या माणसाला झाडी दिसत नाही, त्याला आपण दिसलो पाहिजे. रविवारी मेगाब्लॉकमध्ये तिथे पोचायलाच दुपार होते, मग दर आठवड्याचं जाणं महिन्यावर येतं. दुसरं केंद्र स्टेशनपासून दहा मिनिटांवर होतं. ऑफिसातून परतताना मी कधीही डोकावायचे, कधी साडेआठला, कधी सकाळी सातला. भेटायची वेळ फक्त चार ते सहा आणि तीही आधी फोन करून, असं जिथे सांगतात तिथे ठेवू नका. पहिला महिना तरी वेळा बदलून जात राहा. ठेवायच्या दिवशी टाचा, माकडहाड, कमरेचं हाड, कोपरं यांचे फोटो तारखेसह काढा, वजन नोंदवा, आणि पुढे दर आठवड्याला हेच करा. यात कुणाचा अपमान नाही. चांगल्या ठिकाणी सिस्टर स्वतःच म्हणतात, या, आपण दोघी मिळून बघू.

दुसऱ्या केंद्रातल्या सिस्टरांनी बाबांना पहिल्याच दिवशी विचारलं, "दुखतंय का?" बाबा म्हणाले, "हो." मग त्यांनी विचारलं, "दुखत नाहीये ना?" बाबा म्हणाले, "हो." त्या गप्प बसल्या, मग हळूहळू एकेक सांधा हलवत फक्त बाबांच्या कपाळाकडे बघत राहिल्या. उजव्या खांद्यापाशी कपाळावर आठी आली. तिथे दुखत होतं, आणि किती महिने ते कुणास ठाऊक. त्यांनी मला एक कोरा कागद दिला आणि म्हणाल्या, बाबांबद्दल तुम्हाला जे जे माहीत आहे ते लिहा. मी लिहिलं की डाव्या कानाने कमी ऐकू येतं, उजवीकडून बोला. चहा कोमट, साखर दोन चमचे. 'हो' म्हणतात त्यावर जाऊ नका, कपाळ बघा. नको असेल तर डोळे मिटतात. रात्री दिवा पूर्ण बंद केलेला आवडत नाही. तो कागद त्यांनी उशाशी भिंतीला चिकटवला आणि ड्यूटी बदलली की येणारी मावशी तो वाचायची. आईंसाठी असा कागद तुम्ही आजच लिहून ठेवा, आणि उरलेल्या ठिकाणी जाल तेव्हा तो तिथल्या सिस्टरांच्या हातात द्या. त्या तो वाचून तुम्हाला पुढचा प्रश्न विचारतात की घडी घालून टेबलावर ठेवतात, ते बघा.